यमूचा गुडघा

हे लिहायला बसावं की नाही, या विचारात माझी दोन वर्षं गेली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चार ओळींचं पत्रही लिहिलेलं नव्हतं, आणि मी जन्मभर लिहिलं ते फळ्यावर. घंटा झाली की पुसून टाकायचं. छापून ठेवावं असं माझ्या जगण्यात फारसं काही घडलेलं नाही. शिवाय ज्या आजाराबद्दल सांगायचं आहे त्यातलं मला डॉक्टरांसारखं कळत नाही. कळतं ते एका घरापुरतं, एका मुलीपुरतं. तरी लिहितो आहे, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचा गुडघा दोन महिने दुखत होता आणि त्याची आई मला जिन्यात म्हणाली, "क्रिकेट खेळताना लागलं असेल हो, मलम लावते आहे." मी तिला एक्स-रे काढा, आजच काढा, असं तीनतीनदा सांगू लागलो. ती बिचारी घाबरली आणि मग थोडी रागावली. तिच्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो. त्या मुलाचं काही निघालं नाही, चांगलं झालं. पण जिन्यात उभ्या उभ्या मला जे सांगता आलं नाही, ते इथे सांगून टाकतो. जाणकारांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

आमचं घर चौलच्या अलीकडे, खाडीच्या काठी. शेती खारजमिनीतली. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले, आणि त्या बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी. उघाडीचं लाकडी झाकण भरती आली की पाण्याच्या रेट्यानं आपोआप मिटायचं. त्याचा धप्प असा आवाज पार घरात ऐकू यायचा, आणि आय चुलीपुढून म्हणायची, "भरती लागली." घड्याळ आमच्याकडे नव्हतंच. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, दुपारी पेज, थंडीत वालाचं बिरडं. घराला वास होता तो उंडीच्या तेलाचा. उंडीच्या बियांचं ते काळपट, कडू तेल बाबा मातीच्या बोळक्यात कोमट करून ठेवत, आणि पडवीत कुणी ना कुणी पाय पसरून बसलेलं असे.

बाबा पायाळू होते. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात, त्याच्या पायात लचक आणि उसण काढायचा गुण असतो, असा आमच्याकडे समज. बांधावर माती टाकताना कुणाची कंबर धरली, होडी ओढताना कुणाच्या पाठीत उसण भरली, की तो माणूस वाकत वाकत आमच्या पडवीत यायचा आणि पालथा पडायचा. बाबा पाय स्वच्छ धुऊन येत, डावा पाय दुखऱ्या जागी तीनदा लावत, मग खाली बसून उंडीच्या तेलानं चोळून देत. पण माझ्या डोळ्यांपुढे आजही येतं ते यानंतरचं. माणसाला पाय लागला म्हणून बाबा दर वेळी त्याला हात जोडून नमस्कार करत. समोर म्हातारा असो की सात वर्षांचं पोर असो, नमस्कार चुकायचा नाही. घेत काहीच नसत. घेतलं तर गुण जातो म्हणत. आणि गुण होता, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. वाकत आलेली माणसं सरळ होऊन जाताना मी पाहिली आहेत. लचक ही बहुधा पंधरा दिवसांत आपली आपणच बरी होते हे मला फार उशिरा कळलं, पण बाबांच्या हातात मायाही होती, आणि तिचाही काही वाटा असेलच.

माझी बहीण यमू माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. मी मॅट्रिक होऊन मुंबईला कॉलेजात गेलो त्या वर्षी ती पंधरा वर्षांची होती. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती, आणि त्याचं तिला वाईट वाटत असेल असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. उंच होती, त्या एका वर्षात तर ताडासारखी वाढली. भात लावायला वाकली की दोन बायकांच्या ओळी एकटी संपवायची, आणि तोंडही तितकंच चालायचं. त्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत ती बांधावरून घसरली. लागलं फार नाही, डोक्यावरची आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडीसुद्धा पडली नाही असं आय सांगायची. पण पुढे महिनाभरानं उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा घरात सगळ्यांनी ते घसरणंच आठवलं. दुखण्याला कारण सापडलं की माणूस निश्चिंत होतो. पायाळूच्या घरात लचकेची कसली काळजी? बाबा रोज सकाळी पाय धुऊन येत, तिच्या गुडघ्याला तीनदा पाय लावत, तेल चोळत आणि शेवटी लेकीला नमस्कार करत. ती हसून म्हणायची, "बाबा, मी काय म्हातारी झाले का नमस्कार कराया?"

मी दिवाळीला घरी आलो तेव्हा ती किंचित लंगडत होती. विहिरीवर शेजारची गंगाकाकू सगळ्यांदेखत म्हणाली, "पायाळवाची पोर नि लंगडी! ह्ये नवल आमी आजच बघतो गो बाय." यमूनं कळशी कमरेवर घेतली आणि म्हणाली, "काकू, तुमचा जावई शिंपी हाय ना? मंग तुमची चोळी खांद्यावर फाटली कशी?" बायका हसल्या, काकूही हसली. पण घराकडे येताना वळणाआड गेल्यावर यमू थांबली, कळशी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "कळशी जड हाय." त्या दिवसापासून ती गावात सरळ चालायला शिकली. लंगडायचं ते फक्त घरात.

नाताळच्या सुटीत पुन्हा आलो. थंडी पडली होती आणि वालाच्या शेंगा भरल्या होत्या, म्हणून एका संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. सगळे भोवती उकिडवे बसलो. यमूला बसता येईना. ती पायरीवर पाय लांब करून बसली आणि लुगडं जरा वर सरकलं तेव्हा मला गुडघा दिसला. गुडघ्याच्या वर, मांडीच्या खालच्या टोकाला, एका बाजूला फुगवटा होता. वरची कातडी ताणून चकाकत होती. मी जवळ जाऊन हात ठेवला. गरम लागलं. दाबून पाहिलं तर गाठीसारखं इकडे तिकडे सरकेना; हाडच वाढलं आहे असं वाटलं. मी इंग्रजी आणि इतिहास शिकणारा मुलगा, मला आजारातलं काय कळणार? पण लचक पाच महिने राहत नाही, आणि ती दिवसेंदिवस वाढत तर नाहीच, एवढं कळायला कॉलेजही लागत नाही.

शेंगा सोलता सोलता मी बाबांना म्हणालो, "एकदा अलिबागच्या सरकारी दवाखान्यात दाखवून आणू या का?"

बाबा थांबले. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं म्हादू? तू शिकलेला हाईस. लचक न्हाय का ती?"

पडवीत बसलेली दोन माणसं आमच्याकडे बघत होती. त्यातल्या एकाची पाठ बाबांनी त्याच सकाळी मोकळी केली होती. मी शेंगेतले दाणे तोंडात टाकले आणि म्हणालो, "तसं न्हाय, सहज म्हटलं."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण आठवण्यासारखी चूक मला कुणी विचारली तर मी हे चार शब्द सांगेन. बाबांनी मला विचारलं होतं. अडाणी म्हणून ज्यांना लोक नावं ठेवतात त्या माणसानं आपला हात बाजूला ठेवून मुलाला विचारलं होतं, आणि शिकलेल्या मुलाला बापाचा चारचौघांत अपमान होईल याची भीती वाटली. मी ती भीती फार मोठी समजत होतो. आता वाटतं, ती माझ्या भित्रेपणाला मी दिलेलं चांगलं नाव होतं.

शिमग्याच्या आधी गावातल्या मास्तरांच्या हातचं कार्ड आलं: यमूला पाऊल टेकवत नाही, वाळली आहे, ये. मी गेलो आणि या वेळी कुणालाच काही विचारलं नाही. बैलगाडीत पेंढा घालून तिला अलिबागला नेलं, तिथून मोटारीनं रेवस, रेवसहून लाँचनं भाऊचा धक्का. लाँच लाटेवर आपटली की ती डोळे मिटायची, आणि मग आपण डोळे मिटले हे कुणी पाहिलं का ते बघायची. बाबा तिचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. सवयीनं त्यांचा अंगठा गुडघ्याकडे जायचा आणि परत यायचा.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर पारशी होते. मराठी समजायचं, बोलायचेही, पण मध्येच इंग्रजीत शिरत, आणि मग मला बाबांना सांगावं लागे. त्यांनी एक्स-रे काढला, हाडातला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी बोलावलं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो, "किती दिवस झाले?"

"लावनीपास्नं," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मला विचारलं, लावणी म्हणजे कधी. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले. आठ झाले.

"आणि या आठ महिन्यांत काय केलं?"

"मी चोळत व्हतो. रोज."

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. "आता नाही चोळायचं," एवढंच ते म्हणाले. मग मला जवळ बोलावून फोटो खिडकीशी धरून दाखवला. हाडाची एक कड कुरतडल्यासारखी दिसत होती आणि बाहेरच्या बाजूला धुरकट काही तरी पसरलं होतं. हा हाडाचा कॅन्सर आहे, ते म्हणाले. मला वाटत होतं कॅन्सर म्हाताऱ्यांना होतो. ते म्हणाले, हा उलटा आहे. हा मुलांना होतो, भराभर उंची वाढते त्या वयात, आणि पुष्कळदा गुडघ्याच्याच आसपास. फार थोड्यांना होतो, म्हणून कुणाच्या मनात येत नाही. मूल धडपडलेलं असतंच, त्यामुळे सगळे म्हणतात लागलं असेल. पाय मांडीपासून काढावा लागेल, तोही लवकर.

आज या आजारावर औषधं निघाली आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी डॉक्टर आहे. ती सांगते, आता बऱ्याच मुलांचा पायसुद्धा वाचवता येतो, पण वेळेवर आलं तर. वेळेचं मात्र तेव्हा होतं तेच आहे. हाडात, सांध्याजवळ दुखतं आहे, स्वस्थ पडलं तरी दुखतं, झोपेतून जाग येते, सूज दोन-तीन आठवड्यांत उतरत नाही, उलट वाढते: असं असेल तर चोळू नये, शेकू नये, पट्टी बांधून वाट पाहू नये. फोटो काढावा. शंभरातल्या शंभर वेळाही काही निघणार नाही कदाचित. फोटो वाया गेला तर जाऊ द्यावा.

बाहेर येऊन बाबा बाकावर बसले. मग म्हणाले, "म्हादू, माझ्या हातानं झालं का?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि पुन्हा एकदा मनानं काहीतरी बोलून मोकळं व्हायची माझी हिंमत नव्हती. मी उठलो, रांगेत घुसलो, शिपायाची बोलणी खाल्ली आणि डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांग त्यांना, त्यांच्या हातानं झालेलं नाही. पडल्यानंही नाही. कशानं होतं ते आम्हालाही माहीत नाही. चोळणं चांगलं नाही, पण चोळल्यानं हा होत नाही. वेळ गेला, ते वाईट झालं."

मी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी मान हलवली. "म्हंजे वेळ माझ्यामुळं गेला."

"आपल्या दोघांमुळं," मी म्हणालो. "तुम्ही मला विचारलं होतं."

पाय काढायला घरातून होकार येईना. आय गावाहून भावकीतल्या एका माणसाकडून निरोप पाठवत होती: पाय नसलेल्या पोरीला कोण करून घेणार, तसंच घरी घेऊन या, देवीला कौल लावू. बाबांच्या तोंडून हो निघत नव्हता आणि नाहीही निघत नव्हता. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले तेव्हा यमूनंच त्यांना विचारलं, "डाक्टर, कापला का दुखायचं थांबेल?"

"हे दुखणं थांबेल."

"मंग कापा. आठ म्हयने झाले, एक दिस मी नीट निजले न्हाय."

बाबा एकदम तिच्याकडे वळले. "आगो, मंग सांगितलंस का न्हाय? रोज इचारत होतो ना मी, उतार हाय का म्हनून? तू व्हय म्हनायचीस!"

यमू चादरीचं टोक मुडपत राहिली. "तुमी रोज हात जोडायचे," ती म्हणाली. "न्हाय कसं म्हनू?"

बाबांनी कागदावर अंगठा उठवला तो त्यानंतर. आय मुंबईला आली ती ऑपरेशन झाल्यावर. रडली नाही. यमूच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, आणि मला व्हरांड्यात नेऊन एकच विचारलं, "पोरीचा पाय कुठं ठेवला रं?" मी म्हणालो, इस्पितळवाले करतात सगळं नीट. ती म्हणाली, "नीट म्हंजे कसं?" घरी गेल्यावर तिनं काही दिवस जेवताना एक घास बाजूला काढून ठेवला, आणि तो कशासाठी हे कुणी तिला विचारलं नाही.

वैशाखात मी सुटीवर गेलो तेव्हा यमू कुबड्यांवर अंगणभर फिरत होती. सुताराला तिनं दोनदा कुबड्या परत करायला लावल्या होत्या. एकदा उंच झाल्या म्हणून आणि एकदा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, नुसतं त्याला छळायला म्हणून. दिवसभर पडवीत बसून ती तांदूळ निवडायची. बाबांकडे येणाऱ्या माणसांना पडवीतूनच जावं लागे. पहिल्या दिवशी माझ्यासमोर एक बाई दहा-अकरा वर्षांच्या पोराला घेऊन आली. त्याचा खांदा दुखत होता. बाबा पाय धुवायला उठणार, तेवढ्यात कोपऱ्यातून सुपाचा आवाज थांबला.

"किती दिस झाले गो मावशे?"

"चार दिस."

"पडला का आपला आपन दुखाया लागला?"

"आंब्यावरनं पडला मेला."

"निजल्यावर दुखतं का रं? रात्री उठवतं का?"

पोर म्हणालं, "न्हाय. झोपतो मी."

"मंग लावा बाबा पाय," यमू म्हणाली आणि पुन्हा सूप पाखडू लागली.

बाबा खरंच तिच्या परवानगीची वाट बघत उभे होते. गावात लोक हसायचे. पायाळूकडे आता कारकून बसवलीय म्हणायचे, आधी तिथं अर्ज द्यावा लागतो. यमू त्यांना म्हणायची, "कारकून न्हाय, मामलेदार." पण त्या उन्हाळ्यात तिनं तिघांना पडवीतून परत पाठवलं, अलिबागच्या दवाखान्यात जाऊन फोटो काढून आल्याशिवाय पाय लागणार नाही म्हणून. तिघांचंही काही निघालं नाही. एकानं परत येऊन तिला शिव्या घातल्या, जाण्यायेण्याचा दिवस फुकट गेला म्हणून. ती ऐकून घेत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "दादा, शिव्या देतोय म्हंजे बरा हाय तो." मी मुंबईत मोठमोठ्या विद्वानांची व्याख्यानं ऐकत होतो. लोकांना शहाणं करणं म्हणजे काय, हे मी पाहिलं ते त्या पडवीत, आणि त्या वेळी मला ते कळलं असंही म्हणवत नाही. तिचं मन रमतं आहे एवढंच मला वाटलं होतं.

गणपतीला गेलो तेव्हा तिला कोरडा खोकला लागला होता. डॉक्टरांनी मला ऑपरेशनच्या वेळीच बजावलं होतं की हा आजार छातीत उतरू शकतो, खोकल्याकडे लक्ष ठेव. आय अडुळशाचा काढा देत होती, पावसाळी हवा आहे म्हणत होती. मी बाबांना बांधावर घेऊन गेलो. उघाडीपाशी बसून, आजूबाजूला कुणी नसताना, डॉक्टर काय म्हणाले होते ते सगळं सांगितलं, काही कमी न करता. मला बोलायला फार वेळ लागला. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." पुन्हा मुंबईला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर तो बघून म्हणाले, आता घरीच राहू दे, दुखलं तर द्यायला औषध देतो. यमूनं मला परतीच्या लाँचवर विचारलं आणि मी तिलाही खरंच सांगितलं. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आयला आताच सांगू नको. भात कापून घरात येऊ दे."

नंतर माझी परीक्षा जवळ आली. बाबांनी मास्तरांकरवी कार्ड घातलं, परीक्षा सोडून यायचं नाही, गरज लागली तर मी बोलावीन. दर आठवड्याला एक कार्ड येई: यमू बरी आहे, खोकला आहे, भात कापून झालं, झोडणी चालू आहे. मार्गशीर्षात दोन आठवडे कार्ड आलं नाही. मी लिहिलं, त्याचंही उत्तर आलं नाही.

एका सकाळी मी वसतिगृहाच्या दारात उभा असताना समोरून पोशा नाखवा येताना दिसला. हा आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातला, बाबांचा जुना स्नेही; होडी ओढताना त्याची पाठ दर वर्षी धरायची. बरोबर त्याची अकरा-बारा वर्षांची हिरा. ती बापाच्या खांद्याला धरून एका पायावर उड्या मारत येत होती. तिच्या डाव्या गुडघ्याखाली सूज होती आणि अंगात ताप होता.

"तुझ्या बापसानं धाडलं," पोशा म्हणाला. "हात लावला न्हाय त्यानं. पायबी लावला न्हाय. दुरनं बघितलं, तीन गोष्टी इचारल्या नि म्हनला, आजच्या लाँचनं म्हादूकडं जा."

"तीन गोष्टी यमूनं विचारल्या असतील," मी हसून म्हणालो.

"न्हाय, त्यानंच."

"यमू कशी आहे?"

पोशानं टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. "आधी पोरीचं बघ बाबा. मंग बोलू समदं."

मुलीच्या तापानं तो घाबरला असेल असं मी धरलं. ट्रामनं इस्पितळात गेलो. रांगेत हिरा मला विचारत होती, माझाबी पाय कापनार का रं दादा? मी तिला म्हणालो, माहीत नाही, आधी बघू दे. खोटा धीर द्यायचा नाही एवढं मी ठरवलं होतं. डॉक्टर तेच होते. त्यांनी मला ओळखलं. सूज किती दिवसांची, विचारलं. "पंध्रा दिस," पोशा म्हणाला. कुणी चोळलं का, विचारलं. "न्हाय. चोळू दिलं न्हाय." डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, रक्त घेतलं, आणि दुपारी फोटो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"हा तो आजार नाही," ते म्हणाले. "हाडात पू झाला आहे. पेनिसिलीनची इंजेक्शनं द्यायची, थोडे दिवस इथं ठेवायचं. पाय राहील. पण हा चोळला असता, किंवा आणखी महिनाभर घरी ठेवला असता, तर मी असं म्हणालो नसतो."

हिराला वॉर्डात नेलं. मी आणि पोशा बाहेरच्या बाकावर बसलो. मला इतका आनंद झाला होता की मी खिशातून कार्डच काढलं. म्हणालो, "पोशामामा, हे आताच्या आता यमूला कळवतो. मामलेदारीणबाईंना म्हणावं, एक पाय तुम्ही राखलात." आणि गुडघ्यावर कार्ड ठेवून मी वर तिचं नाव लिहिलं.

पोशानं माझा लिहिता हात धरला.

"काल सकाळी गेली रं यमू," तो म्हणाला. "मी हिराला घेऊन आलो तवा तुझा बापूस मसनातनं येऊन पडवीत बसला व्हता. मी तसाच मागं फिरनार, तर त्यानं हाक मारून पोरीला बघितलं. मला म्हनला, म्हादूला जाताच सांगू नको. आधी पोरीचा फोटू काढून होऊ दे, मंग सांग. आधी सांगितलंस तर पोरीला उशीर व्हईल."